पदवीविना राहिलेला प्रबंध : अ‍ॅना मणी यांचे प्रकरण

ऑगस्ट १९४५ मध्ये बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत काम करणाऱ्या एका सत्तावीस वर्षांच्या संशोधिकेने हिऱ्यांच्या प्रतिदीप्तीवरील (प्रकाश पडल्यावर हिऱ्यातून निघणाऱ्या वेगळ्या रंगाच्या उजेडावरील) आपला पीएच.डी.चा प्रबंध मद्रास विद्यापीठाला सादर केला. पाच वर्षांचे काम पूर्ण झाले होते आणि एकटीच्या नावावर पाच शोधनिबंध छापून आले होते. विद्यापीठाने प्रबंधाच्या गुणवत्तेवर आक्षेप घेतला नाही. अर्जदाराकडे एम.एस्सी. पदवी नाही, सबब पीएच.डी. देता येत नाही, असे त्याने कळवले. ही पदवी पुढेही कधी मिळाली नाही. त्या संशोधिका म्हणजे अ‍ॅना मणी. भारतीय हवामान खात्याच्या उपमहासंचालक म्हणून १९७६ मध्ये त्या निवृत्त झाल्या, तेव्हा देशातील हवामान-उपकरणांची निर्मिती, सौर प्रारणाचे (सूर्याकडून येणाऱ्या ऊर्जेचे) मापन आणि ओझोनचे निरीक्षण या तिन्ही कामांवर त्यांची छाप होती.

हे प्रकरण बहुधा प्रेरणादायी चरित्राच्या साच्यात सांगितले जाते आणि ‘पदवीवाचून काही अडत नाही’ या वाक्यावर संपवले जाते. मला ते वाक्य घाईचे वाटते. वातावरणशास्त्र किंवा समुद्रशास्त्रात डॉक्टरेट करावी की नाही, केली तर कुठे आणि कशासाठी, असे प्रश्न घेऊन बसलेल्या विद्यार्थ्याला या प्रकरणातून काही शिकायचे असेल, तर पदवी कशी हुकली, त्या पाच वर्षांत पदवीखेरीज काय मिळाले आणि जे मिळाले ते पुढे हवामान खात्याच्या पुणे कार्यालयात कसे उपयोगी पडले, या तीन गोष्टी सुट्या करून पाहाव्या लागतात.

पार्श्वभूमी

अ‍ॅना मणी यांचा जन्म २३ ऑगस्ट १९१८ रोजी त्रावणकोर संस्थानातील पीरमेडे येथे झाला. वडील स्थापत्य अभियंता होते आणि कुटुंबाचे वेलदोड्याचे मळे होते. आठ भावंडांत त्या सातव्या. आठव्या वाढदिवसाला घरच्या रिवाजाप्रमाणे पुढे केलेल्या हिऱ्यांच्या कुड्या नाकारून त्यांनी ब्रिटानिका ज्ञानकोश मागितला, ही आठवण त्यांच्याविषयीच्या प्रत्येक लेखात येते. त्याच मुलीच्या वाट्याला पुढे पाच वर्षे हिरेच यावेत, हा योगायोग मात्र फारसा कोणी नोंदवत नाही. त्यांना वैद्यकीय शिक्षण घ्यायचे होते. ते जमले नाही, तेव्हा चांगला येणारा विषय म्हणून भौतिकशास्त्र घेतले. मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजातून १९३९ मध्ये भौतिक व रसायनशास्त्रात बी.एस्सी. ऑनर्स झाल्यावर १९४० मध्ये शिष्यवृत्ती मिळवून त्या चंद्रशेखर वेंकट रामन यांच्या प्रयोगशाळेत दाखल झाल्या.

भारतीय विज्ञान संस्था स्त्रियांना सहज खुली नव्हती. मुंबईची बी.एस्सी. घेऊन १९३३ मध्ये तिथे गेलेल्या कमला भागवत, म्हणजे पुढच्या कमला सोहोनी, यांना रामन यांनी आधी प्रवेशच नाकारला होता. त्या हटून बसल्या तेव्हा अटी घालून तो दिला, ही हकिकत मराठी वाचकांना ठाऊक आहे. सात वर्षांनी मणी आल्या तेव्हा दार उघडे होते, पण आतली व्यवस्था वेगळीच होती. विद्यार्थी आणि विद्यार्थिनींनी एकमेकांत मिसळलेले रामन यांना खपत नसे. बरोबरीच्या संशोधकांशी कामाविषयी सहज चालणारे बोलणे, जे कोणत्याही प्रयोगशाळेत अर्धे शिक्षण असते, ते मणी यांना फारसे मिळाले नाही.

पाच वर्षांत नेमके काय केले

रामन यांच्याकडे सुमारे ३०० हिऱ्यांचा संग्रह होता. त्यांपैकी तीसहून अधिक हिऱ्यांच्या प्रतिदीप्तीचे, शोषणाचे आणि रामन-परिणामाचे (प्रकाश विखुरताना त्याच्या काही भागाची तरंगलांबी बदलण्याचे) वर्णपट मणी यांनी नोंदवले. काम कसे चाले ते थोडे जवळून पाहिले पाहिजे. हिरा द्रवरूप हवेच्या तापमानापर्यंत थंड करायचा, त्यावर प्रकाश टाकायचा आणि त्यातून निघणारा क्षीण उजेड वर्णपटलेखकाच्या फटीतून काचेच्या छायाचित्रण-प्लेटवर पडू द्यायचा. हा उजेड इतका मंद असे की प्लेटवर वाचण्याजोगी रेषा उमटायला १५ ते २० तास लागत. द्रवरूप हवा सतत उडून जाते. तेवढा वेळ तापमान टिकवायचे, दिव्याची तीव्रता सांभाळायची, उपकरण केसभरही हलू द्यायचे नाही आणि हे सगळे नीट झाले की नाही ते प्लेट धुतल्यावरच कळणार. मणी यांच्या अनेक रात्री प्रयोगशाळेतच जात.

यातून हाती काय आले? निळी प्रतिदीप्ती असणाऱ्या हिऱ्यांत ४१५२ अँगस्ट्रॉम या तरंगलांबीची रेषा उत्सर्जनातही दिसते आणि शोषणातही. हिऱ्याहिऱ्यांत तिची तीव्रता बदलते आणि या दोन्ही वर्णपटांचे एकमेकांशी नाते असते. हिऱ्यांच्या भौतिकीला त्याचे महत्त्व आहेच. प्रस्तुत प्रकरणापुरते पाहायचे तर दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. जवळजवळ न दिसणारा संकेत विश्वासाने कसा मोजायचा आणि मोजलेल्या आकड्यात वस्तूचा वाटा किती व उपकरणाचा किती हे कसे वेगळे काढायचे, याची पाच वर्षांची तालीम एका माणसाच्या हाताला मिळाली.

निर्णय आणि त्यामागची रचना

भारतीय विज्ञान संस्था त्या काळी स्वतः पदवी देत नसे. तिला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला तो १९५८ मध्ये. काम बंगळूरला आणि पदवी मद्रास विद्यापीठाची, अशी रीत होती. प्रकरणाचे मूळ या रचनेत आहे. संशोधनासाठी निवड करून शिष्यवृत्ती देताना ऑनर्स पदवी पुरेशी मानली गेली. पाच वर्षांनी प्रबंध हाती आल्यावर दुसऱ्या संस्थेने तीच पदवी अपुरी मानली. दोन्ही निर्णय आपापल्या चौकटीत नियमाला धरून असतील, पण दोन चौकटींच्या मधली फट एका विद्यार्थिनीच्या पाच वर्षांएवढी रुंद होती.

हा नियम सर्वत्र सारखाही नव्हता. त्याच प्रेसिडेन्सी कॉलेजातून १९३० मध्ये बी.एस्सी. ऑनर्स झालेले खगोलभौतिकशास्त्रज्ञ सुब्रह्मण्यन चंद्रशेखर थेट केंब्रिजला गेले आणि १९३३ मध्ये तिथली पीएच.डी. घेऊन मोकळे झाले. एम.एस्सी. त्यांच्याकडेही नव्हती. तेव्हा ऑनर्सनंतर थेट डॉक्टरेट हे काही अघटित नव्हते. कोणत्या विद्यापीठाच्या दारात उभे आहात त्यावर ते ठरत होते.

स्त्री असण्याचा या निर्णयाशी संबंध होता का? विद्यापीठाने दिलेले कारण एम.एस्सी.चे होते आणि तेवढ्यावरून दुसरा निष्कर्ष काढता येत नाही. मात्र त्याच प्रयोगशाळेतील सुनंदाबाई यांचा पूर्ण झालेला प्रबंधही पदवीविना राहिला, ही नोंद शेजारी ठेवली की निव्वळ नियमाचे स्पष्टीकरण मला तोकडे वाटू लागते. स्वतः मणी यांनी या गोष्टीचा कडवटपणा बाळगला नाही. पदवी नसल्याने आपल्या आयुष्यात फारसा फरक पडला नाही, असेच त्या पुढे सांगत. त्यांचा बांधीव प्रबंध बंगळूरच्याच रामन संशोधन संस्थेच्या ग्रंथालयात इतर प्रबंधांच्या रांगेत आहे आणि बाहेरून पाहता तो त्यांच्याहून वेगळा ओळखू येत नाही.

वळण : लंडन आणि पुणे

प्रबंध सादर केला त्याच सुमारास मणी यांना इंग्लंडमध्ये प्रशिक्षणासाठी भारत सरकारची शिष्यवृत्ती मिळाली. त्यांना भौतिकशास्त्रातच पुढे जायचे होते, पण उपलब्ध जागा होती ती हवामान-उपकरणांच्या शाखेतली. मिळेल ते घेऊन त्या लंडनच्या इंपीरियल कॉलेजात दाखल झाल्या. वातावरणशास्त्रातील भारताच्या एका मोठ्या कारकिर्दीची सुरुवात अशी दुसऱ्या पसंतीच्या जागेवरून झाली, आणि या क्षेत्रात ते फार विरळा नाही. आजही भौतिकशास्त्र, गणित किंवा अभियांत्रिकीतून निघालेली माणसे कुठल्यातरी जागेच्या निमित्ताने ढगांकडे किंवा समुद्राकडे वळतात आणि मग तिथलीच होऊन जातात.

१९४८ मध्ये परतल्यावर त्या हवामान खात्याच्या पुणे कार्यालयात उपकरण विभागात रुजू झाल्या. खात्याचे मुख्यालय १९२८ मध्ये शिमल्याहून पुण्यात आले होते, म्हणून शिवाजीनगरच्या त्या दगडी इमारतीला आणि तिथल्या चौकाला पुणेकर अजून ‘शिमला ऑफिस’ म्हणतात. मुख्यालय १९४४ मध्ये दिल्लीला गेले, पण उपकरणांचे काम पुण्यातच राहिले. या विभागाचे प्रमुख एस. पी. वेंकटेश्वरन हे उपकरणे देशातच तयार झाली पाहिजेत या मताचे होते. तोवर साधा तापमापक आणि वायुभारमापकही ब्रिटनमधून येत असे. १९५३ पर्यंत मणी या विभागाच्या प्रमुख झाल्या आणि त्यांच्या हाताखाली १२१ पुरुष काम करू लागले. सुमारे शंभर उपकरणांची प्रमाणित आरेखने तयार करून त्यांनी उत्पादन सुरू केले.

‘प्रमाणित आरेखन’ हा शब्द कोरडा आहे, पण सगळे त्यातच आहे. शंभर केंद्रांवर शंभर कारागिरांनी आपापल्या अंदाजाने बनवलेले पर्जन्यमापक ठेवले, तर नकाशावर पावसाऐवजी कारागिरांचा फरक उमटेल. चुकीचे मोजमाप हे मोजमाप नसण्याहून वाईट, अशी मणी यांची धारणा होती आणि विभागात त्या तडजोड चालू देत नसत.

याचे उत्तम उदाहरण सौर प्रारणाचे. १ जुलै १९५७ ते ३१ डिसेंबर १९५८ या आंतरराष्ट्रीय भूभौतिकी वर्षाच्या निमित्ताने त्यांनी देशभर सौर प्रारण मोजणाऱ्या केंद्रांचे जाळे उभारले. प्रारणमापकात काचेच्या घुमटाखाली एक काळा पृष्ठभाग असतो. उन्हाने तो तापतो, त्याखालच्या धातूंच्या सांध्यांत तापमानाच्या फरकामुळे विद्युत्‌दाब निर्माण होतो आणि तो मोजून ऊन किती ते कळते. भर दुपारीही हा दाब काही मिलिव्होल्टच असतो. घुमटावर धूळ बसली, काळा रंग वर्षानुवर्षांच्या उन्हाने फिकट झाला, बैठक किंचित कलली, की आकडा घसरतो. आणि तो घसरला आहे हे आकड्याकडे पाहून कळत नाही. म्हणून ठरावीक काळाने उपकरण प्रमाण उपकरणाशेजारी ठेवून त्याचे अंशांकन करावे लागते. क्षीण संकेत, संथ बदल आणि उपकरणाचा स्वतःचा गुन्हा शोधून काढण्याची गरज : हिऱ्याच्या प्लेटपुढे वीस तास बसलेल्या माणसाला यातले काहीच परके नव्हते.

ओझोनच्या बाबतीतही तेच झाले. १९६० च्या दशकात त्यांच्या देखरेखीखाली फुग्यातून वर पाठवण्याचे भारतीय ओझोनमापक उपकरण तयार झाले. त्यात पंपाने ओढलेली हवा पोटॅशियम आयोडाइडच्या द्रावणातून जाते, ओझोनमुळे आयोडिन मोकळे होते आणि त्या प्रमाणात सूक्ष्म प्रवाह वाहतो. खाली माणसाचा हात लागेल अशी कोणतीही सोय नसताना, पंचवीस-तीस किलोमीटर उंचीवर गोठवणाऱ्या थंडीत, हा प्रवाह विश्वासार्ह राहिला पाहिजे. केरळातील थुंबा येथून १९६३ मध्ये पहिले रॉकेट सुटले, त्या तळावरील हवामान वेधशाळा आणि उपकरणांचा मनोराही त्यांनीच उभा केला. १९६९ मध्ये त्या उपमहासंचालक म्हणून दिल्लीला गेल्या.

यातून काय निघते, काय निघत नाही

पदवीवाचून अडले नाही, हे मणी यांच्यापुरते खरे. पण ते का अडले नाही? एक तर देश नुकताच स्वतंत्र झाला होता, खात्याला उपकरणे स्वतः बनवायची होती आणि ते काम येणारी माणसे मोजकी होती. दुसरे, त्या खात्याच्या सेवेत गेल्या. विद्यापीठात प्राध्यापक व्हायला गेल्या नाहीत. खात्याची शिडी कामाने आणि ज्येष्ठतेने चढता येई. विद्यापीठाच्या शिडीची पहिली पायरीच पदवी होती, आणि तिथे जाण्याचा पर्याय त्यांच्यापुढून १९४५ मध्येच काढून घेतला गेला. अडले नाही ते त्यांनी धरलेल्या रस्त्यावर. बंद झालेल्या रस्त्यावर काय झाले असते, याचा हिशेब कोणत्याच चरित्रात मांडता येत नाही.

आज वातावरण व समुद्रविज्ञानातील संशोधनसंस्थांत शास्त्रज्ञ म्हणून स्थिरावू पाहणाऱ्याला डॉक्टरेट टाळून फार दूर जाता येत नाही, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. परदेशातील पोस्ट-डॉक्टरल जागेचा अर्जच पदवीपासून सुरू होतो. तेव्हा मणी यांचे नाव घेऊन प्रबंध अर्धवट सोडणाऱ्याने आपली तुलना योग्य व्यक्तीशी होते आहे का ते पाहावे. मणी यांनी प्रबंध पूर्ण केला होता.

काम एकीकडे आणि पदवी दुसरीकडे, ही रचना मात्र आजही जिवंत आहे. पुण्यात पाषाणला असलेल्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेतील अनेक संशोधक विद्यार्थ्यांची नोंदणी सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात किंवा अन्य विद्यापीठांत असते. गोव्यात दोनापावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतील विद्यार्थी गोवा विद्यापीठाकडे किंवा वैज्ञानिक व अभिनव संशोधन अकादमीकडे नोंदणी करतात. मार्गदर्शक, संस्था आणि विद्यापीठ हे तीन वेगळे पक्ष असतात आणि पात्रता, नोंदणीची तारीख, अभ्यासक्रमाचे श्रेयांक, मुदतवाढ यांचे नियम तिसऱ्याच्या हातात असतात. विद्यार्थी मात्र रोज पहिल्या दोघांनाच भेटतो. १९४५ मध्ये उद्भवलेला प्रश्न १९४० मध्ये विचारायचा होता. आजच्या विद्यार्थ्यानेही नोंदणीचे कागद पहिल्या सहामाहीतच विद्यापीठाकडून लेखी मंजूर करून घ्यावेत, मार्गदर्शकाने ‘होऊन जाईल’ म्हटले तरी.

नियमही बदलले आहेत. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नोव्हेंबर २०२२ च्या विनियमांनुसार चार वर्षांची पदवी किमान ७५ टक्के गुणांनी मिळवणाऱ्याला एम.एस्सी. न करता पीएच.डी.ला प्रवेश घेता येतो. राष्ट्रीय पात्रता परीक्षेतून (नेट) कनिष्ठ संशोधन छात्रवृत्ती मिळाली, तर जानेवारी २०२३ पासून तिची रक्कम महिना ३७,००० रुपये आणि वरिष्ठ छात्रवृत्तीची ४२,००० रुपये आहे. पुण्यात किंवा गोव्यात खोली घेऊन राहणाऱ्याला ती पुरते. घरी पाठवायचे असेल तर ओढाताण होते.

प्रकरणातला सर्वांत उपयुक्त भाग मला वेगळाच वाटतो, आणि तो विषय निवडण्याविषयी आहे. आज या क्षेत्रातील पुष्कळसे प्रबंध महासंगणकावर चालणाऱ्या प्रारूपांवर (मॉडेलांवर) उभे असतात. ते आवश्यकच आहे. पाषाणला २०१८ मध्ये ‘प्रत्यूष’ हा महासंगणक आला त्यामागे हेच कारण होते. पण पाच वर्षे फक्त दुसऱ्याने तयार केलेल्या आकड्यांच्या फायली उघडणारा विद्यार्थी, त्या आकड्यांत वातावरण किती आणि उपकरण किती, हा प्रश्न विचारायला शिकतोच असे नाही. महाबळेश्वरच्या ढगभौतिकी प्रयोगशाळेत पावसाळाभर ढगातच राहून थेंबांचे आकार मोजणारा, किंवा गोव्याच्या किनाऱ्यापलीकडे नांगरलेले प्रवाहमापक बऱ्याच महिन्यांनी जहाजावर ओढून घेताना त्यावर चढलेले शेवाळ आणि कालवे खरवडणारा विद्यार्थी ते शिकतो. प्रबंधाचा विषय हिरे असो वा मोसमी वारे, हाताला लागलेली ही सवय पुढच्या नोकरीत बरोबर येते; विषय बरोबर येईलच याची खात्री नसते.

निवृत्तीनंतर मणी तीन वर्षे रामन संशोधन संस्थेत अभ्यागत प्राध्यापक होत्या, म्हणजे जिथे त्यांचा प्रबंध ठेवलेला आहे त्याच संस्थेत. भारतातील सौर प्रारणाच्या आकडेवारीचे त्यांचे दोन ग्रंथ १९८० आणि १९८१ मध्ये निघाले. त्यातले आकडे त्यांनीच पुण्याहून उभ्या केलेल्या जाळ्यातून आलेले होते. त्यानंतर त्या वाऱ्याकडे वळल्या. देशात पवनचक्क्या कुठे उभारता येतील हे ठरवण्यासाठी ठिकठिकाणी वाऱ्याचे सर्वेक्षण सुरू झाले आणि वाऱ्याचा वेग व सौर ऊर्जा मोजणारी उपकरणे बनवण्याचा एक छोटा कारखानाही त्यांनी बंगळूरला काढला. वाऱ्यातून मिळणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात बदलते. वेगमापकाने वेग दहा टक्के जास्त दाखवला, तर शक्तीचा अंदाज सुमारे तेहतीस टक्के फुगतो, आणि पवनचक्की मग अशा टेकडीवर उभी राहते जिथे तेवढा वारा वाहतच नाही.